फेटलेली कॉफी आणि चमचाभर पाणी

किस्से काय कुणी ठरवून करत नाही. दोन बायका ओट्यावर बसल्या, हाताला काम असलं आन् तोंड रिकामं असलं, की किस्सा आपसूक तयार होतो. आमच्या लाईनीत तर बायका चार, ओटा एक आणि हातात फेटायचा कप. मग विचारता काय!

हे सगळं परत वर आलं ते माझ्या नातीमुळं. लॉकडाऊनमध्ये पोरगी घरात बसून बसून आंबली होती. एक दिवस मोबाईल घेऊन पळत आली.

"आजी, नवीन ट्रेंड बघ! कॉफी, साखर, थोडंसं पाणी, आणि नुसतं फेटायचं. कोरियातून आलंय!"

मी म्हटलं, "बाळा, कोरियातून आलं असंल, तर तिकडं जाताना चिकलठाण्यावरून गेलं असंल. तुझा बाप चड्डीत हिंडायचा तवापासून मी हे फेटते."

तिला खरं वाटेना. मग कप घेतला, चमचा घेतला आणि बसले फेटत. पोरगी बघतच राहिली. "आजी, तुझं मनगट दुखत नाही?"

"मनगट दुखतं त्यांनी चहा प्यावा!" म्हटलं.

आमची लाईन म्हणजे चिकलठाण्याच्या एमआयडीसीजवळची. एक खोली, एक स्वयंपाकघर अशी घरं, दारासमोर दार, मधून अरुंद गल्ली आणि गल्लीच्या तोंडाला सगळ्यांचा मिळून एक नळ. तेव्हा कारखाने नुसते उगवत होते. रोज कुणीतरी ट्रंक डोक्यावर घेऊन खेड्यातून यायचं आणि भाड्याची खोली विचारायचं. आमचे हे वेल्डर, मी बालवाडीची बाई. समोर वत्सला, सोयगावच्या बाजूची. तिचा नवरा रामभाऊ फिटर. शेजारी नसीम आपा, तिचे मियाँ कंपनीची बस चालवायचे. आणि मी गावाबाहेरच्या वस्तीतली, निळ्या झेंड्याची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथंच आहे.

*

कॉफी आमच्यात आणली नसीम आपानं. तिचा भाऊ सौदीला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा बहिणीला अत्तर, कापड आणि कॉफीची एक मोठी काचेची बाटली देऊन गेला. अत्तर आपानं लावलं, कापड शिवलं. बाटली मात्र फळीवर. चहाशिवाय आम्हाला काय ठाऊक? कॉफी म्हणजे साहेबांची, तीसुद्धा पिणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पाडणारी!

एक दिवस मीच म्हटलं, "आपा, बाटली काय निकाहात द्यायची ठेवलीय का?"

झालं. उघडली. मी चहासारखंच आधण ठेवलं आणि पावडर टाकली मूठभर. जे काय झालं ते वत्सलानं तोंडात घेतलं आणि सरळ गल्लीत थुंकलं. "आगं बया! ही तर काढ्याची सासू!"

आपाच्या भावानं तिला सांगून ठेवलं होतं, तिकडं फेटून पितात म्हणून. ते तिला तेव्हा आठवलं! मग आम्ही कपात पावडर घेतली, साखर घेतली आणि मी वरून भसकन पाणी ओतलं. आपा ओरडली, "अगे शकू, नदी कायको बहाती! चमचाभर डाल, चमचाभर!"

चमचाभर घातलं आणि फेटायला लागलो. एकीचा हात दुखला की कप दुसरीकडं. काळं होतं ते तपकिरी झालं, तपकिरीचं बदामी झालं आणि चमच्याला धरून वर यायला लागलं. तेव्हा कप माझ्या हातात होता. वरून गरम दूध ओतलं तर हे एवढालं फेसाचं टोपण! आपानं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हाथ किसका था?"

"माझा!" मी म्हटलं. तेव्हापासून आमच्या लाईनीत शेवटचा हात माझा, हे ठरून गेलं. बढाई नाही मारत, अजून कुणी त्याला आव्हान दिलेलं नाही.

*

मग आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे वत्सलाची सासू. सगळा जन्म मेंढरामागं गेलेला. काठीसारख्या ताठ, आवाज असा की हाक मारली तर नळावरची भांडणं थांबायची. मेंढरं विकली आणि लेकाकडं राहायला आल्या. सगळी लाईन त्यांना आत्याबाईच म्हणायला लागली.

पहिल्याच दिवशी ओट्यावर येऊन बसल्या. आमचा कप हातोहात फिरत होता. बघत होत्या, बघत होत्या आणि मग विचारलं, "ह्यात काय काय हाय?"

वत्सला म्हणाली, "पावडर, साखर आन् चमचाभर पाणी."

"पावडर कोरडी, चालती. साखर कोरडी, चालती. दूध दुधाच्या जातीचं, त्ये बी चालतं. पाणी कुणाच्या घरचं?"

पाणी माझ्या हंड्यातलं होतं.

आत्याबाईंनी कप खाली ठेवला. रागावल्या नाहीत, शिवी दिली नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. नळाखाली भांडं लावायचा नंबर सांगावा तसं सांगितलं, "फेटा कुणीबी. हाताला कायबी नाय. पाणी आमच्या कळशीतलं घ्यायचं."

मी म्हटलं, "आत्याबाई, नळ एकच हाय की. सकाळी तुमच्याच वत्सलानं माझ्या हंड्याला हात लावून पुढं सारलं."

"नळाचं पाणी सरकारचं, बाई. घरात आलं की घराचं."

नसीम आपा खो खो हसत सुटली. "मेरा भी नै चलता रे शकू! चल, अपन दोनों का अलग!"

मला हसू आलं नाही. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आत्याबाई, फेटीन मी तुमचा कप बी. माझ्यासारखा फेस इथं कुणाला येत नाय, आन् मला फेटायची हौस हाय. पण तुमच्या पाण्याचा घोट मी घेणार नाय. ज्या दिवशी माझ्या घरचं पाणी तुमच्या कपात पडंल, त्या दिवशी तुमच्या घरात बसून पिईन."

आत्याबाई म्हणाल्या, "मर्जी तुझी."

तेव्हापासून ओट्यावर दोन कप. एक आत्याबाईंच्या पाण्याचा, तो वत्सलाच्या घरचा. एक माझ्या पाण्याचा, तो माझा आणि आपाचा. फेटायला मात्र चारी हात दोन्हीकडं!

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पाण्यावरून एवढा हट्ट? सांगते. नामांतराचा ठराव झाला तेव्हा माझं लग्न नवं होतं. ज्यानं आम्हाला माणूस केलं त्या आमच्या बापाचं नाव विद्यापीठाला द्यायचं, एवढंच होतं. तेवढ्यावरून माझ्या माहेरी आमच्या वस्तीतली घरं पेटवली. माझी आई नेसत्या लुगड्यावर शहरात आली आणि माझ्याकडंच राहिली. त्या गावात तिनं जन्मभर दुसऱ्यांनी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलेलं. ती माझ्या दारात बसून हे दोन कप बघायची. मला ते सहन व्हायचं नाही. म्हणून ते पाणी मला चमचाभर कधी वाटलंच नाही.

*

पण आत्याबाईंचा राग करणंसुद्धा सोपं नव्हतं. बाई भारी मजेदार!

एका दुपारी वत्सला धापा टाकत आली. "शकू, चल लवकर, आत्याबाईंनी कॉफी घुसळायला घेतलीय!"

जाऊन बघते तर खांबाला दोरी बांधलेली, डेऱ्यात रवी आणि आत्याबाई उभ्या राहून दणादण घुसळतायत. निम्मी बाटली डेऱ्यात! म्हणे, तुम्ही चमच्यानं चिमणीसारखं टोचत बसता, सगळ्या लाईनीचं एकदम काढते. फेस डेऱ्यातून वर आला, बाहेर आला, पायावर आला, तरी बाई थांबेना.

मी म्हटलं, "आत्याबाई, झालं की! आता थांबा."

"झालं कसं? लोणी कुठंय?"

"ह्याला लोणी येत नाय, आत्याबाई."

रवी थांबली. आत्याबाईंनी डेऱ्यात वाकून बघितलं, मग आमच्याकडं बघितलं. "मंग इतकं घुसळायचं कशापायी? नुस्त्या फेसासाठी? शेहरातल्या लोकांला लईच मोकळा येळ हाय बाबा!"

आणि मग दोन गच्च पेले प्यायल्या. त्या दिवसापासून आमच्या लाईनीत कॉफीला कॉफी कुणी म्हणेना. चार वाजले की आत्याबाई दारातून हाक द्यायच्या, "आगं, आज घुसळायचं का न्हाय?"

*

बायकांचं नाव झालं की गड्यांच्या पोटात दुखतं. रामभाऊ एका रविवारी म्हणाला, "तुम्ही चौघी अर्धा अर्धा तास हात मोडता. आम्ही कारखान्यात मशीनी चालवतो. दोन मिनिटात फेस काढून दाखवतो, लावा पैज!"

बरं! त्यानं जुन्या बाजारातून एक ड्रिल मशीन आणलेलं होतं. सायकलचा स्पोक वाकवून त्याला बसवला. आमच्या ह्यांनी त्यावर वेल्डिंगचा टाका मारून दिला, म्हणजे ह्या पापात तेपण वाटेकरी! सगळी लाईन गोळा झाली. रामभाऊनं कप मांडीत धरला आणि बटण दाबलं.

घुर्रर्र झालं. पुढचं काही दिसलंच नाही. डोळे उघडले तेव्हा कप रिकामा. कॉफी छताला, कॅलेंडरला, वत्सलाच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या पातळाला आणि रामभाऊच्या मिश्यांना.

कुणी हसायची हिंमत करेना, कारण वत्सलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आत्याबाई उठल्या, भिंतीवरचं बोटानं निपटलं, चाखलं आणि लेकाला म्हणाल्या, "चव झ्याक आलीय रं. पर भितीला कशाला पाजतूस?"

तेवढ्यावर रामभाऊ थांबायचा नाही. जिद्दी माणूस. म्हणाला, "मशीन चुकली असंल, पण तुमच्या फेसात तरी असं काय सोनं लागलंय?"

मी कप घेतला आणि फेटला. बदामीच्याही पलीकडं नेला, जवळजवळ साईच्या रंगाचा. मग म्हटलं, "रामभाऊ, खाली बसा." तो बसला. मी कप त्याच्या डोक्यावर नेला आणि उपडा केला.

त्यानं नवा शर्ट घातला होता, सासुरवाडीला जायचं होतं. डोळे गच्च मिटून बसला. थेंब पडला नाही! मी कप तसाच उपडा धरून म्हटलं, "सोनं हाय का पितळ, सांगा आता."

पैज लागली होती ती अशी, की हरंल त्यानं ओट्यावर बसून सगळ्यांसमोर फेटायचं. रामभाऊ शब्दाचा पक्का. सेकंड शिफ्टचे लोक डबे घेऊन चालले होते, त्यांच्या देखत बसला फेटत. जाणारा येणारा विचारायचा, "काय रामभाऊ, ओव्हरटाईम हाय का?"

*

रमजान आला की नसीम आपा कप फेटायची, पण प्यायची नाही. आम्ही म्हटलं, आपा, तू नको बसू समोर, तुला त्रास. तर म्हणायची, "रोजा मुँह का है, हाथ का नै!"

तिच्या समोर प्यायला मला नको वाटायचं. मी संध्याकाळपर्यंत माझा कप झाकून ठेवायची. एक दिवस बघते तर आत्याबाईंचा कपसुद्धा झाकलेला. चार वाजून गेले, पाच वाजून गेले, बाई कपाकडं बघायला तयार नाही.

वत्सलानं विचारलं, "आत्याबाई, बरं नाय का? घेतली नाय आज?"

"ती पोरगी दिसभर उपाशी, आन् म्या तिच्या म्होरं ढोसू व्हय? माणूस हाय का कोण म्या?"

महिनाभर म्हातारीनं तेच केलं. अजान झाली की आपा तिचा कप उचलायची आणि मगच आत्याबाई त्यांचा. एका संध्याकाळी आपा हसून म्हणाली, "क्या आत्याबाई, हमारा पानी नै चलता, रोजा चलता?"

"पी गुमान," आत्याबाई म्हणाल्या आणि पदरानं मिशीवरचा फेस पुसला. म्हणजे वरच्या ओठावरचा. पण आमची आपा मिशीच म्हणायची!

*

आता हर्सूलचा किस्सा. ह्याचा मला लई अभिमान आहे, कमी करून सांगणार नाही.

नामांतरासाठी सत्याग्रह चाललेच होते. एका वर्षी बायकांनी पुढं व्हायचं ठरलं. मी बालवाडीत सुट्टीचा अर्ज दिला, पोरं आईच्या हवाली केली आणि गेले. घोषणा दिल्या, घसा बसला, पोलिसांनी गाडीत घातलं आणि आम्हाला हर्सूलच्या तुरुंगात नेलं. आत सगळ्या आमच्याच बाया. गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या. भीती वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण बरोबर ठिकाणी बसलोय.

चार वाजले की मात्र मनगट शिवशिवायचं!

एके दिवशी हाक आली, भेटायला कुणीतरी आलंय. मला वाटलं आमचे हे. बघते तर वत्सला! डोक्यावरून पदर, हातात स्टीलचा डबा. ती काही साधी गोष्ट नव्हती हो. तिच्या माहेरचे, सासरचे, सगळे नामांतराच्या विरोधातले. रामभाऊला चहाच्या टपरीवर लोक टोमणे मारत होते, शेजारीण बघा तुमची, म्हणून. तरी ही एकटी दोन रिक्षा बदलून आली.

दारावरच्या शिपाईबाईनं डबा उघडला. आत चिकट, बदामी रंगाचं काहीतरी. "हे काय आहे?"

वत्सला घाबरली. "फेटलंय," एवढंच म्हणाली.

"काय फेटलंय?"

"लईच फेटलंय हो बाई, सकाळधरनं!"

शिपाईबाईनं बोट लावलं, चाखलं, परत चाखलं. तिसऱ्यांदा बोट गेलं तेव्हा मी म्हटलं, "बाई, मलाबी राहू द्या."

डबा माझ्या हातात आला. असा वास आला की डोळ्यांत पाणीच आलं. वत्सला जाळीला तोंड लावून म्हणाली, "शकू, कशी हायेस? एकटीनं फेटलंय बघ. तुझ्यासारखं नाय झालं."

मी विचारलं, "वत्से, पाणी कुणाचं?"

खोटं बोलायचं तिच्या रक्तातच नाही. खाली बघून म्हणाली, "आत्याबाई बसल्या व्हत्या समोर. कळशीतलंच घातलं."

मी डब्याला झाकण लावलं आणि तिच्याकडं सरकवला. "घेऊन जा माघारी."

"शकू, तुरुंगात हायेस गं! इथं तरी..."

"इथं त्यासाठीच हाय मी."

वत्सला रडली. मलाही भरून आलं, पण डबा घेतला नाही. ती वळून चालायला लागली, तशी मागून शिपाईबाईची हाक आली, "ओ ताई! परतच न्यायचं असंल तर इकडं द्या की!"

*

आता शेवटचा. वत्सलाची थोरली मंगल लग्नाला आली होती. तिला बघायला सोयगावकडचे पाहुणे आले तेव्हाचा. मंगल त्याच घरात दिली आणि चांगली नांदली, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तिच्यापायी तुमचा जीव टांगणीला नको.

संक्रांतीला विद्यापीठाचं नाव जाहीर झालं. आमच्याकडं दिवे लागले, आई दिवसभर दारात बसून येईल त्याला तिळगूळ देत होती. शहरात मात्र ताण. चौकाचौकात पोलीस, दुकानं निम्मी बंद. पाहुण्यांचं आधीच ठरलेलं होतं, ते त्याच आठवड्यात आले. मुलगा, मुलाची आई आणि मुलाचा चुलता. चुलता म्हणजे त्या घरातला कर्ता, फेटा, छडी, मोठा आवाज.

वत्सला सकाळीच येऊन सांगून गेली होती, "शकू, चहा नाय करायचा, आपली कॉफी करायची. फेटायला तूच ये."

गेले. स्वयंपाकघरात कपात पावडर घेतली, साखर घेतली आणि थांबले. पाणी आत्याबाई घालायच्या, रोजच्यासारखं. त्यांची तांब्याची कळशी माझ्या हाताच्या अंतरावर होती, मी तिला कधी हात लावत नसे. आत्याबाई बाहेरच्या खोलीत पाहुण्यांजवळ बसल्या होत्या.

बाहेर बोलणं चाललं होतं शेतीचं, कंपनीतल्या पगाराचं. मग चुलता म्हणाला, "झालं बाबा, पाटीवर नाव आलं. आज नाव दिलं. उद्या म्हनतील, आमच्या घरचं पाणी प्या!"

आणि हसला. त्याच्यासोबत कुणी हसलं नाही. मी आत आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. वत्सलानं पदर तोंडावर दाबला. मंगल माझ्यासमोर नवी साडी नेसून उभी होती, पोहे भरलेल्या बश्या हातात घेऊन. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. बाहेर जावं आणि त्या माणसाला सुनावावं, असं वाटलं. पण मंगलकडं बघितलं आणि चमचा खाली ठेवला, मागच्या दारानं घरी जायचं म्हणून.

तेवढ्यात आत्याबाई आत आल्या. माझ्याकडं बघितलं नाही, वत्सलाकडं बघितलं नाही. फडताळातला तांब्या उचलला. मला वाटलं, कळशीतलं पाणी घेतील. त्या कळशीला वळसा घालून तांब्या घेऊन बाहेर गेल्या. पाहुण्यांच्या समोरून, उंबरा ओलांडून गल्लीत.

दारासमोर दार आमचं, आतून मला सगळं दिसत होतं. माझी आई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. आत्याबाई तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत ह्या दोघी कधी चार शब्द बोलल्या नव्हत्या. आत्याबाईंनी चपला काढल्या.

"माय, तांब्याभर पाणी दे."

आईनं वर बघितलं. बघतच राहिली. मला वाटलं, ती नाही म्हणते की काय. म्हणाली असती तरी माझं काही म्हणणं नव्हतं. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि तांब्या भरून आणून दिला. हातात दिला, पाणी वरून ओतलं नाही.

आत्याबाई सांडू न देता सावकाश परत आल्या. पाहुणे सगळं बघत होते. चुलत्यानं विचारलं, "आक्का, घरात पाणी नव्हतं का?"

"व्हतं की," आत्याबाई म्हणाल्या. "कळशी तोंडोतोंड भरलीय."

आत येऊन त्यांनी माझ्या कपात चमचाभर पाणी घातलं. म्हणाल्या, "फेट."

मी फेटली. जन्मात किती फेटली असंल, पण तसा फेस मला परत काढता आला नाही. दूध आत्याबाईंनी ओतलं, ताटात कप त्यांनी लावले आणि घेऊनही त्याच गेल्या. मुलानं घेतला. मुलाच्या आईनं घेतला. चुलत्यानं कपाला हात लावला नाही, छडीची मूठ चोळत बसला. तेव्हा मुलाची आई त्याला म्हणाली, "भावजी, तुम्हाला नको असंल तर इकडं सरकवा. लई झ्याक झालीय." आणि दुसरा कप तिनं संपवलासुद्धा!

आत्याबाई रिकामं ताट घेऊन आत आल्या. कोपऱ्यातला पाट ओढला आणि मला खूण केली, बस म्हणून. मी बसले. त्यांनी उरलेला फेस एका कपात काढला, वरून दूध घातलं, माझ्यासमोर ठेवला आणि डब्याचं झाकण हातात धरून विचारलं,

"साखर पुरं का गं तुला?"